हातांनी वाचलेले एक दशक

इंग्लंडमध्ये बाथ नावाचे एक जुने शहर आहे. तेथे २००१ सालापासून जेन ऑस्टिन या कादंबरीकर्तीच्या नावाने उत्सव भरतो. माणसे दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे कपडे शिवून घेतात आणि रस्त्यातून मिरवतात. त्या काळचे नाच शिकतात, कशिदा काढतात, जुन्या पद्धतीचे पदार्थ करतात, एकमेकांना कादंबऱ्या वाचून दाखवतात. बायकांच्या अंगावर उंच कमरेचे पांढरे मलमली झगे असतात. ज्या काळाची ही हौस, त्याला तिकडे ‘रिजन्सी’ म्हणतात. राजा तिसरा जॉर्ज मनाने खचला, कारभार करण्याच्या अवस्थेत राहिला नाही, म्हणून १८११ साली त्याच्या मुलाला राजप्रतिनिधी नेमले गेले. १८२० साली राजा वारला आणि हा काळ संपला. दहाच वर्षांचा काळ, पण इंग्रजी माणसाच्या मनात त्याला मोठे स्थान आहे.

हे वाचताना माझ्या मनात साधा प्रश्न आला. याच दहा वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? इतिहासाची पुस्तके काढून बसलो तेव्हा गंमत वाटली. आपल्या नागपुरातही त्याच दशकात राजप्रतिनिधीच होता! मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुबळे, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब कारभार पाहू लागले. त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ साली आप्पासाहेब पदच्युत झाले, लहानग्या तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवले गेले. राजमाता बाकाबाई त्यांच्या पालक झाल्या आणि खरा कारभार गेला रेसिडेंट जेन्किन्स यांच्या हाती. नागपूरच्या काळ्या मारबतीत लोक आजही बाकाबाईलाच पाहतात. म्हणजे लोकांच्या आठवणीतून ते दशक अजून पुसले गेलेले नाही.

पण हा सगळा इतिहास राजवाड्यातला. आमचे रोहणा हे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले गाव. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि नदीच्या अलीकडचा हा मुलूख राज्याच्या अगदी काठावर आला. रोहण्याची गढी कृष्णाजी शिंदे यांनी बांधली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. या भागात गावोगाव मातीच्या गढ्यांचे ढिगारे दिसतात. पेंढारी आले की गुरेढोरे आणि बायकामुले आत घ्यायची, दरवाजा लावायचा, एवढाच त्यांचा उपयोग. आता विचारा, त्या गढीच्या आत अंगाला अंग लावून बसलेली माणसे काय खात होती? अंगावर काय नेसत होती? रात्री कोणत्या उजेडात बसत होती आणि कोणते गाणे म्हणत होती? बखरी याबद्दल बोलत नाहीत. सनदांमध्ये गावाचे उत्पन्न सापडते, गावातली भाकर सापडत नाही.

ही भाकर शोधायची कशी? वर्ध्याच्या मातीत याचे उत्तर आधीच दिलेले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. एखादा उद्योग हाताने करता करता त्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकायचे, असा तिचा गाभा. मग इतिहासच का नाही? गावातल्या आम्ही काही जणांनी, त्यात निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते आणि सर्वांत जास्त घरातल्या बायका होत्या, लागोपाठ दोन हिवाळे एक उद्योग मांडला. १८११ ते १८२० या दहा वर्षांतले जगणे जमेल तेवढे हाताने करून पाहायचे. पगड्या नाहीत, लाकडी तलवारी नाहीत, मिरवणूक नाही. नियम एकच. जे त्या काळी रोहण्यात नव्हते, ते त्या दिवशी वापरायचे नाही.

सुरुवात स्वयंपाकघरापासून केली आणि पहिल्याच दिवशी निम्मे स्वयंपाकघर रिकामे झाले. चहा गेला, कारण आसामातला चहाच मुळी १८३० नंतरचा. टोमॅटो गेला. बटाटा अजून खेड्यापाड्यांत पोचला नव्हता, तोही गेला. सोयाबीनचे तेल तर परवाचे. शेंगदाणाही बाजूला ठेवावा लागला, कारण भुईमूग आपल्या शेतांत पसरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. उपवासाचा साबुदाणा हा जुना सोवळा पदार्थ असे आपण समजतो, पण सालेमकडे तो बनू लागला १९४० नंतर. भगर आणि शिंगाडा यांच्यावर उपवास आला. मिरची मात्र राहिली. ती पोर्तुगिजांबरोबर परदेशातून आली खरी, पण तोपर्यंत इथलीच होऊन गेली होती.

उरले काय? ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक, गूळ, आणि फोडणीला जवसाचे किंवा तिळाचे तेल. ऐकून तोंडाला पाणी सुटेल आणि खरोखर जेवण चवदारच झाले. पण सलग आठ दिवस तेच ताट समोर आले तेव्हा घरातली मुले कुरकुरू लागली. तेव्हा कळले की सणाच्या पुरणपोळीची वाट माणसे एवढ्या आतुरतेने का पाहत असतील. मीठ हाताने तोलून टाकताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. समुद्र इथून शेकडो मैल दूर. त्या काळी मीठ यायचे बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. परतीच्या वाटेवर तेच बैल धान्य, कापूस घेऊन जात. वऱ्हाडातला कापूस असाच बैलांवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पेंढाऱ्यांनी वाट अडवली की भाजीतले मीठ महाग. राजकारणाचा आणि चुलीचा संबंध असा बैलाच्या पाठीवरून जुळलेला होता.

भाकरीच्या आधी पीठ. एका घरी अडगळीत पडलेले जाते टाकी लावून घेतले. पाच माणसांच्या घराला दोन किलो ज्वारी लागते असे धरले, तर ती दळायला आम्हाला सव्वा तास लागत असे. सव्वा तास, रोज, उजाडण्यापूर्वी. लग्न, बाळंतपण, ताप काही असो, जाते थांबत नाही. जात्यावरच्या ओव्यांवर मी पूर्वी भाषणे दिली आहेत, त्यांतले भक्तीचे, माहेराचे, भावाच्या ओढीचे सौंदर्य सांगितले आहे. परंतु खुंटा हातात घेऊन बसल्यावर ओवीचे आणखी एक काम कळले. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. गाणे थांबले की हात मंदावतो, हात मंदावला की पीठ जाडे येते. समोरासमोर बसलेल्या दोघी एकाच ओवीने एकमेकींचा वेग सांभाळतात. हे संगीत ऐकण्यासाठी जन्माला आलेले नाही, ते दळण्यासाठी जन्माला आले. कवितेची किंमत त्यामुळे कमी होत नाही, वाढतेच.

संध्याकाळी दिवा. रॉकेल नाही, काडेपेटी नाही. चुलीतला निखारा राखेखाली जपून ठेवायचा, तो विझला तर शेजारी मागायला जायचे किंवा चकमक झाडायची. तेलाच्या पणतीच्या उजेडात आम्ही बोरूने मोडी लिहून पाहिली. काजळ आणि डिंक खलून शाई केली. बोरू वारंवार शाईत बुडवावा लागतो, पण मोडीची अक्षरे एकमेकांत गुंतून धावतात, म्हणून हात कमी उचलावा लागतो. चिटणिसांनी ही लिपी का पसंत केली असेल, ते बोटांना आपोआप समजले. आणि डोळ्यांना हेही समजले की या उजेडात अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचन होत नाही. ज्यांच्या घरी पोथी होती त्यांनासुद्धा रात्रीचे साहित्य बहुतेक करून कानांनीच घ्यावे लागत असणार.

आणि कानांसाठी तो काळ मोठा समृद्ध होता. पुण्याकडे राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या-पोवाड्यांचा हा बहर. आमच्या विदर्भात अंजनगाव सुर्जीचे देवनाथ महाराज कीर्तने गाजवत होते. ते १८२१ साली निवर्तले आणि शिष्य दयाळनाथांनी ती परंपरा पुढे नेली. छापील मराठी पुस्तक अजून गावात पोचायचे होते. पण एक नवल पाहा. त्याच दशकात दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या छापखान्यात नागपूरकर भोसल्यांची वंशावळ मोडी टाइपात छापली गेली. तिच्यामागे नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा होते. नागपूरच्या राजघराण्याची कथा छापून निघाली ती गंगेच्या काठी, नागपुरात नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे सूत. आमचा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस एके काळी साऱ्या देशात नावाजलेला. म्हणून आम्ही ठरवले की बोंडापासून कापडापर्यंतची वाट चालून पाहायची. आधी रेच्यावर सरकी काढायची. मग धनुकलीने पिंजायचे. मग पेळू वळायचे. मग कातायचे. सुरुवातीला माझा धागा दर हातभरावर तुटत होता. शेजारच्या एका आजींनी लहानपणी टकळी फिरवलेली. त्या शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, घाई कायची हाये तुमाले? सूत घाईचं आयकत नाही.”

धागा जमू लागल्यावर आम्ही हिशेब मांडला. हा हिशेब वाचकांनीही कागदावर करून पाहावा. नऊवारी लुगडे, सव्वा वार रुंद. पोत अगदी साधा, म्हणजे इंचाला उभे चाळीस आणि आडवे चाळीस धागे. त्याला ताण्याचे १६ हजार २०० वार आणि बाण्याचेही तितकेच, मिळून ३२ हजार ४०० वार सूत लागते. म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर! निष्णात कातणारी तासाला चारशे वार काढते असे धरले, तर नुसते कातायलाच ८१ तास. आमच्यासारख्या नवशिक्यांच्या वेगाने २७० तास. त्यात रेचणे, पिंजणे, पेळू करणे, खळ लावणे, विणणे यांतले काहीच धरलेले नाही. एका कोष्ट्याच्या मागाला सूत पुरवायला कित्येक बायकांची बोटे लागत. कोष्ट्यांप्रमाणेच आपल्या या भागात महार समाजातली अनेक कुटुंबेही जाडेभरडे कापड विणत. गावचे कापड गावातच तयार व्हायचे आणि त्यातला थोडा पैसा कातणाऱ्या बाईच्या हाती यायचा. विधवा असो, परित्यक्ता असो, घराबाहेर न पडता तिला मिळणारी ती जवळजवळ एकमेव हक्काची कमाई.

इथे बाथचे ते पांढरे झगे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस निघाली. तिच्यात नायक आपण बहिणीसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल स्वस्तात घेतल्याचे अभिमानाने सांगतो. ती मलमल बंगालकडची, रोहण्याची नव्हे. पण ‘अस्सल’ असे मुद्दाम सांगावे लागते, यातच सारे आले. कारण तोवर लँकेशायरच्या गिरण्यांतून तशाच दिसणाऱ्या कापडाचा पूर येऊ लागला होता. क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ हे कातण्याचे यंत्र १७७९ चे. एक माणूस एका वेळी शेकडो चात्या फिरवू लागला. आमचे ८१ तास तिथे बघता बघता आटपत होते.

तिकडचे कारागीरही यात भरडले गेले, हे विसरता कामा नये. याच दशकाच्या आरंभी, १८११-१२ मध्ये, नॉटिंगहॅमच्या मोजे विणणाऱ्यांनी आणि इतर कारागिरांनी रात्री-बेरात्री यंत्रे फोडली. सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले, ते २७ फेब्रुवारी १८१२ रोजी, या कारागिरांच्या बाजूने. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानशी व्यापाराचा मक्ता संपला आणि इंग्लंडच्या इतर व्यापाऱ्यांना दारे उघडली. गिरणीचे सूत आणि कापड इकडे येऊ लागले. १८२८ साली ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र छापले गेले. सूत कातून तिने घर चालवले होते, मुलींची लग्ने केली होती. आता विणकर तिच्या दाराशी येईनासे झाले होते. विलायती सूत स्वस्त मिळते म्हणून. १९३१ साली गांधीजींनी हे पत्र ‘यंग इंडिया’मध्ये पुन्हा छापले.

आमच्याकडे ही लाट उशिरा आली, पण आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. तीच गाडी कापसाच्या गाठी घेऊन गेली आणि कापडाच्या गाठी घेऊन आली. ‘आल’ नावाच्या झुडपाच्या मुळापासून लाल रंग काढून त्यात खारवा रंगवला जाई. १८६९ नंतर जर्मनीत रासायनिक लाल रंग बनू लागला आणि आलाची शेतीही गेली. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट-पुलगावलाही गिरण्या निघाल्या. विणकरांची मुले त्या गिरण्यांत मजूर म्हणून गेली. कातणाऱ्या बायकांना मात्र त्या जागी काही मिळाले नाही. त्यांचे काम कोणत्या दिवशी गेले, याची तारीख कुठेच लिहिलेली नाही. सीताबर्डीच्या लढाईची तारीख आहे. हा पराभव मात्र बिनतारखेचा राहिला.

म्हणून जुन्या काळाची हौस करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात असे मला वाटते. पहिली ही, की त्या काळाचा आपल्याला सोयीचा तेवढाच अर्धा भाग उचलू नये. आमच्या उद्योगात एक तरुण सहज म्हणाला, “आपण सगळे एका विहिरीवरून पाणी आणतो आहोत, हे तर १८१५ चे नाही.” तो बोलला आणि सगळे गप्प झाले. खरेच होते ते. त्या काळी आम्हा सगळ्यांना एका पंगतीत बसताच आले नसते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले तेच मुळी १९२८ साली, म्हणजे या दशकानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. सती जाणे तेव्हा कायद्याने गुन्हा नव्हते. वेठबिगार नित्याची होती. तेव्हा ‘जुने ते सोने’ असे कोणी म्हटले तर त्याला विचारावे, कोणासाठी?

दुसरी गोष्ट अशी, की म्हणून हाताची विद्या टाकूनही देऊ नये. सुदैवाने हे सांगायला वर्धा जिल्ह्यासारखी जागा नाही. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३८ साली मगन संग्रहालय उघडले, ते आजही पाहता येते. वर्ध्याजवळच्या नालवाडीला विनोबांनी दिवसभर सूत कातून केवळ त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्या बाईला आपण काय देतो, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर मोजून पाहिले. त्या सुमारास चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. इतिहास हाताने करून पाहण्याचा यापेक्षा मोठा नमुना मला माहीत नाही. त्यात हौस नव्हती, हिशेब होता आणि त्या हिशेबातून न्याय निघाला.

आज आमच्या शिवारात कापूस आहे आणि अंगावरचे कापड परगावचे आहे. घरोघरी चरखा फिरावा आणि गिरण्या बंद व्हाव्यात असे मी म्हणणार नाही. तसे कोणी ऐकणारही नाही आणि ८१ तासांचा हिशेब केल्यावर मी ते कोणत्या तोंडाने सांगू? पण शाळेतल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी बोंडापासून वीतभर सूत काढावे, एक भाकर होईल एवढे पीठ दळावे, बोरूने आपले नाव लिहावे. मग त्याला १८१७ साली नागपुरात कोण जिंकले हे विचारा आणि त्याच वर्षी रोहण्यात लुगडे कोणी कातले हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो पुस्तकातून देईल. दुसऱ्याचे देताना तो आधी आपल्या बोटांकडे पाहील.

टकळी फिरवलेल्या, जाते ओढलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. त्यांना नुसत्या मुलाखती नकोत. त्यांच्यापुढे पेळू ठेवा, जाते मांडा. जे त्यांच्या तोंडून निघत नाही, ते हातातून निघते. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटले, तर ते करून दाखवणारे हात तेव्हा असणार नाहीत.